पाळण्यातलं यंत्र

माझं लग्न ठरवताना करकंबच्या आमच्या घरच्यांनी मुलाची कसून चौकशी केली होती. सोलापूरला शुक्रवार पेठेत चादरी-टॉवेलांचं घरचं दुकान, एकुलता एक, शिकलेला, स्वभावानं गरीब आणि कसलंही व्यसन नाही. यातलं शेवटचं कलम साफ खोटं होतं. व्यसन होतं, आणि ते माडीवरच्या पुढच्या खोलीत निम्मी जागा अडवून उभं होतं.

सत्तरचं दशक नुकतं लागलं होतं. माप ओलांडून मी घरात आले, बायकांनी मला माडीवर नेऊन बसवलं, आणि मान वर करायची मुभा मिळाल्यावर मला पहिल्यांदा दिसल्या त्या माझ्या छातीइतक्या उंच दोन सागवानी पेट्या. माहेरी आमच्या ज्वारीच्या कोठ्या साधारण तेवढ्याच असायच्या, म्हणून झाकण कुठं आहे ते मी हळूच चाचपून पाहिलं. तेवढ्यात हे लगबगीनं पुढे आले. नवऱ्यानं माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य असं होतं, "तिथं हात नको लावूस. आतला कागद लई नाजूक असतो."

त्या पेट्या म्हणजे स्पीकर. यांना गाण्याचा नाद होता असं लोक म्हणायचे, पण ते खरं नाही. गाणं रेडिओवरही लागायचं. यांना नाद होता आवाजाचा. गाणाऱ्यानं तान घेण्याआधी घेतलेला श्वास यांना ऐकायचा असायचा. त्यासाठी मुंबईहून सुटे भाग आणून यांनी स्वतः एक अ‍ॅम्प्लिफायर बांधला होता. त्याचे व्हॉल्व्ह तापले की खोलीत समईइतका उजेड पडायचा. तबकडी वाजवायचं यंत्र अस्सल परदेशी होतं. इथल्या एका गिरणीत मशिनरी बसवायला आलेला गोरा इंजिनिअर मायदेशी परतताना ते यांना देऊन गेला होता. पेट्यांच्या आत आवाज घुमू नये म्हणून कापूस भरावा लागतो, हे मला आपोआप कळलं. एके दिवशी माझ्या माहेरून आलेल्या दोन उशा पापडासारख्या चपट्या झालेल्या दिसल्या.

मी भांडले. मी गप्प बसणारी नव्हतेच. यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "पण आता ऐक. खर्ज कसा स्वच्छ येतो ते." वर माझ्या उशांचा खर्ज खरंच चांगला येत होता, हे मला कबूल करावं लागलं याचा राग वेगळाच.

पण यांच्या नादाला खरी टक्कर माझी नव्हती, सासूबाईंच्या खलबत्त्याची होती. सासूबाईंना मी अत्ती म्हणायची. त्या अक्कलकोटकडच्या, आणि कानडीत सासूला तसंच म्हणतात. खाली दुकान, दुकानामागे गठ्ठ्यांची खोली, वर माडीवर पुढच्या बाजूला आमची खोली आणि मागे स्वयंपाकघर, असं आमचं घर. माडीची जमीन लाकडी फळ्यांची. चादरी न्यायला बाहेरगावचे व्यापारी यायचे, आणि त्यांना कडक भाकरी नि शेंगांची चटणी खाऊ घातल्याशिवाय, वर बरोबर चटणीची पुडी बांधून दिल्याशिवाय सोडायचं नाही, हा सासऱ्यांचा नेम होता. सोलापुरी चटणी म्हणजे भाजलेले शेंगदाणे, तिखट, लसूण, मीठ एकत्र घालून तेल सुटेपर्यंत कुटायची. अत्तींना ती रोज ताजी लागायची. दगडी खल, हातात लोखंडी बत्ता, आणि कुटायची वेळ दुपारची.

आता यांची ऐकायची वेळही दुपारचीच. उन्हाच्या वेळी दुकान बंद असायचं, हे वर येऊन जेवायचे, तबकडी पुसून यंत्रावर ठेवायचे, पिन हलकेच टेकवायचे. आणि स्वयंपाकघरातून पहिला घाव बसायचा. फळ्या हादरायच्या, यंत्र हादरायचं, पिन उडायची आणि तबकडीवर गाणारे बुवा विलंबितातून थेट द्रुतात जायचे. हे तोंड पाडून स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहायचे.

"आई, थोडा वेळ थांब की."

"तुझं गाणं थांबंल. यापाऱ्याची भूक थांबत न्हाय," अत्ती मान वर न करता म्हणायच्या.

"मग खाली जाऊन कूट. खाली फरशी आहे."

"चूल हितं, दाणं हितं, आन् मी खाली जाऊ? गुडघं तुझं दुखत्यात का माझं?"

हे परत येऊन पिन उचलून ठेवायचे आणि पंख्याखाली पडून राहायचे. मी मनातल्या मनात अत्तींच्या बाजूनं होते. उशांचा हिशेब अजून पुरता मिटला नव्हता.

अशी चार वर्षं गेली आणि आम्हाला मूल झालं नाही. कुणी टोचून बोललं नाही, ते जास्त अवघड होतं. अत्ती काही बोलायच्या नाहीत, पण दर दिवाळीला माळ्यावरून एक लांबट गाठोडं खाली काढायच्या, उन्हात ठेवायच्या, झटकायच्या आणि पुन्हा वर ठेवायच्या. त्यात घरचा पाळणा होता. लाकडी, रंगीत दांड्यांचा, पितळी कड्यांचा. हे त्याच पाळण्यात वाढले होते. आमच्या खोलीच्या मधोमध तुळईला त्याची लोखंडी कडी होती आणि रात्री अंथरुणावर पडलं की ती बरोबर माझ्या डोळ्यांसमोर यायची. मी कूस बदलायची.

त्या वर्षी उन्हाळ्यात भाचीच्या लग्नासाठी अत्ती अक्कलकोटला गेल्या. खल शांत. हे खुशीत आले. आणि खुशीत आल्यावर माणसाला जे सुचू नये ते यांना सुचलं.

"जमीन हादरते," हे म्हणाले, "पण तुळई हादरत नाही."

मला काही कळायच्या आत माळ्यावरचा पाळणा खाली आला. सायकलच्या जुन्या ट्यूबचे पट्टे कापून यांनी ते साखळ्या आणि कडीच्या मध्ये गुंतवले, म्हणजे उरलासुरला धक्का रबरात जिरावा. पाळण्यात एक फळी बसवली. फळीवर यंत्र ठेवलं. गवंड्याकडची पाण्याची पट्टी लावून ते सपाट केलं. मग मला म्हणाले, "आता नाच."

"काय करू?"

"नाच. उड्या मार. पिन उडते का बघू."

भर दुपारी, चार वर्षांची संसारी बाई मी, पदर खोचून त्या खोलीत धपाधपा उड्या मारल्या. पिन उडाली नाही. बुवा शांतपणे गात राहिले. यांच्या तोंडावर असा आनंद होता की मलाही हसू आवरेना. मी फक्त एवढंच म्हणाले, "अहो, अत्ती काय म्हणतील?"

"ती यायच्या आत काढून ठेवू."

धूळ बसू नये म्हणून यांनी दुकानातली एक कोरी चादर आणून पाळण्यावर घातली. पण काढून काही ठेवलं नाही. रोज म्हणायचे उद्या काढतो, आणि रोज दुपारी एक तबकडी जास्त वाजायची.

अत्ती ठरल्यापेक्षा लवकर आल्या. अक्कलकोटच्या एसटीतून उतरून टांग्यानं घरी, तिथून थेट माडीवर. मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. पावलं पुढच्या खोलीत थांबली. बराच वेळ थांबली. मग त्या माझ्यापाशी आल्या, पिठाच्या हातांसकट मला जवळ घेतलं आणि माझ्या तोंडावरून हात ओवाळून स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली.

"मला सांगितलं न्हाईस व्हय गं," त्या म्हणाल्या. डोळे भरले होते. "आन् हे येडं. आतापासनं कुणी पाळणा बांधतं व्हय? जन्माच्या आदी बांधत न्हाईत. पर असू दे. त्याला कुटलं कळतंय."

खरं काय ते सांगायला मी पिठाचे हात पुसू लागले. तेवढ्यात त्यांनी फळीवरचा साखरेचा डबा काढला आणि गुडघे दुखत असताना त्या तुरुतुरु जिना उतरून गेल्या. शेजारी एका तेलुगू विणकरांचं घर होतं. त्या घरच्या बाईंशी अत्तींचा फार जिव्हाळा. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहून अत्तींना हाक मारायचा प्रयत्न केला, पण मागांच्या खडखडाटात ती माझी मलाच ऐकू आली नाही.

दोघी वर आल्या. शेजारीणबाईंच्या हातावर साखर होती. अत्तींनी कौतुकानं पाळण्यावरची चादर उचलली.

खाली काळं, चकचकीत, परदेशी यंत्र होतं. त्यावर अर्धी वाजलेली तबकडी.

शेजारीणबाईंनी यंत्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, साखर तोंडात टाकली आणि म्हणाल्या, "लई चांगली मशीन हाय." आणि चपला घालून निघून गेल्या. त्या बाईंचे उपकार मी विसरलेले नाही.

अत्तींनी चादर पुन्हा नीट घातली. चारी टोकं खोचली. मग त्या खाली जमिनीवर बसल्या. मी त्यांच्या शेजारी बसले आणि मला जे रडू आलं ते चार वर्षांचं होतं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. हे दुकानातून वर आले तेव्हा आम्ही दोघी तशाच बसलेलो. यांच्या लक्षात सगळं आलं असावं, कारण यांनी मुकाट्यानं हात वर करून पाळणा सोडायला घेतला.

"राहू दे," अत्ती म्हणाल्या.

"आई, मी काढतो. चुकलंच माझं."

"राहू दे म्हणते की. बांधला त्यो बांधला. सोडून रिकामा वर ठेवायचा म्हंजे आनिक वंगाळ." त्या उठल्या. "पर एक सांगते. ज्याचा पाळणा त्यो आला की तुझी मशीन त्याच दिशी भाईर. कबूल?"

"कबूल," हे म्हणाले.

"आन् पाळणा टांगलेल्या घरात कुटत न्हाईत. त्याला हिसकं बसत्यात. उचल त्यो खल."

यांनी खल उचलून खाली दुकानामागच्या खोलीत नेला. त्या दिवसापासून अत्ती दुपारी जिना उतरून खाली गठ्ठ्यांमध्ये बसून चटणी कुटायला लागल्या. सासरे तिथंच चटईवर पडायचे. मला वाटलं, रागावल्या. आठवडाभर मी त्यांच्याशी जपून बोलत होते.

आणि माडीवर दुपारी आम्ही दोघंच उरलो. आमच्या घरात ही गोष्ट कधी झालेली नव्हती. दिवसभर कुणी ना कुणी वर असायचं, रात्री पातळ फळीच्या भिंतीपलीकडे सासू-सासरे. नवऱ्याशी मोकळेपणानं बोलायला मी चार वर्षं वाट पाहत होते. आता तबकडीची एक बाजू वाजेपर्यंतची वीसेक मिनिटं हक्काची मिळाली, तर हे डोळे मिटून बसायचे आणि बोट वर करून म्हणायचे, "श्श. ऐक. श्वास घेतला."

"मीही घेते श्वास," तिसऱ्या दिवशी मी म्हणाले. "दिवसभर घेते. त्याचं काही नाही."

हे हसले. पण मी हसले नाही, तेव्हा यांनी पिन उचलून बाजूला ठेवली आणि आमचा तह झाला. तबकडीची पहिली बाजू यांची. तेव्हा मी एक शब्द बोलायचा नाही. दुसरी बाजू माझी. ती वाजेल, पण हळू, आणि यांनी डोळे उघडे ठेवून माझ्याकडे पाहायचं आणि मी काय सांगते ते ऐकायचं.

तो तह दोघांनीही पाळला. गंमत म्हणजे पहिल्या बाजूला गप्प बसता बसता मलाही ऐकू यायला लागलं. डाव्या पेटीत तबला, उजवीत हार्मोनियम, आणि मधोमध, जिथं काहीच ठेवलेलं नाही तिथं, गाणारी बाई. खरंच तिथं कुणीतरी बसलंय असं वाटायचं. आणि दुसऱ्या बाजूला यांना कळायला लागलं की मला शिवणकामाचा वर्ग काढायचा होता, मला गिरणीच्या भोंग्याची अजून भीती वाटते, आणि त्या कडीकडे बघून मी रात्री कूस बदलायची. हे सांगितलं तेव्हा यांनी माझा हात धरला आणि तबकडी संपून पिन नुसती खरखरत होती तरी उठले नाहीत. त्या खरखरीनं पिन झिजते, हे मला यांनीच शिकवलं होतं.

वर्ष होता होता एका दुपारी, दुसऱ्या बाजूला, मी यांना सांगितलं. माझ्याच बाजूला सांगायचं हे मी सकाळीच ठरवलं होतं. हे उठले आणि चालू तबकडीवरची पिन उचलली. ऐन समेवर. असं यांनी कधी केलं नव्हतं, घरात पाहुणे आले तरी, दुकानातून सासऱ्यांनी हाका मारल्या तरी. संध्याकाळपर्यंत यंत्र खोक्यात घालून माळ्यावर गेलं होतं. मी म्हटलं, "अहो, बाळ यायला अजून किती महिने आहेत."

"आईला शब्द दिलाय," हे म्हणाले. पण मला दिसत होतं की यांना स्वतःलाच धीर निघत नव्हता. अत्तींनी पाळणा पुसून पुन्हा गाठोड्यात बांधून ठेवला आणि या खेपेला साखर वाटायची घाई केली नाही.

बाळंतपण करकंबला झालं. मुलगी झाली. बारसंही तिकडेच झालं, आणि तिसऱ्या महिन्यात मी तिला घेऊन सोलापूरला आले. पाळणा टांगलेला होता, वर चिमण्यांचं चिमणाळं, आत माझ्या दोन उशा. यांनी पेट्यांतला कापूस काढून त्या पुन्हा भरून आणल्या होत्या. मी म्हटलं, "आणि खर्ज?" हे म्हणाले, "असू दे."

पहिल्या संध्याकाळी मुलगी झोपल्यावर हे पाळण्यावर वाकले, कान तिच्या तोंडाजवळ नेला आणि बोट वर करून मला म्हणाले, "श्श. ऐक." तोंडावर तेच भाव, अगदी तेच. मी कितीतरी वेळ त्या दोघांकडे बघत बसले. आयुष्यात याहून सुखी मी क्वचितच झाले असेन.

पण घर आता गजबजलं. नातीपासून लांब राहवेना म्हणून अत्तींनी खल पुन्हा वर आणवला, आणि पाळण्याला हिसके बसत नाहीत असं आता त्यांनीच ठरवून टाकलं. शेजारपाजारच्या बाया बाळ बघायला यायच्या. स्पीकरच्या पेट्यांवर लंगोट वाळत घातलेले. हे दुपारी वर यायचे, मुलीला घेऊन बसायचे, यंत्राचं नावही काढायचे नाहीत. आणि मला, जिनं उशांवरून रान उठवलं होतं तिला, चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. दिवसचे दिवस आम्ही फक्त दूध, दुपटी आणि व्यापारी यांवर बोलत होतो. मला माझी दुसरी बाजू हवी होती.

मागांना सुट्टी होती त्या दिवशी. गल्ली शांत, ऐकायला सोन्यासारखी दुपार. मी म्हटलं, "लावा की एखादी."

"कुठं ठेवू? खाली ठेवलं की उडतं. पाळण्यात बाळ आहे."

"तरी लावा."

"पिन मोडेल गं. राहू दे आता. संसार आहे, चालायचंच."

ते इतकं समजुतीनं म्हणाले की मला एकदम भरून आलं. मी म्हणाले, "तुम्ही सोडलंत, ठीक आहे. मी नाही सोडलेलं." आवाज चढला असावा, कारण स्वयंपाकघरातला खल थांबला.

अत्ती पदराला हात पुसत आल्या. यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग मोरीत जाऊन तिखटाचे हात साबणानं धुतले, पाळण्यातून नातीला उचलून खांद्यावर घेतलं आणि यांना म्हणाल्या, "खल खाली न्हे."

"आई, गुडघे दुखतात तुझे."

"दुकू देत. खाली चादरीची झोळी बांधते हिला. कुटताना बरी झोपती ही." त्या दारापर्यंत गेल्या आणि मागे वळल्या. मुलीला उचलल्यामुळे पाळणा हलत होता. अत्तींनी परत येऊन तो हातानं थांबवला. "रिकामा पाळणा हलू देऊ न्हाय. घाल त्यात तुझी मशीन."

मी म्हणाले, "अत्ती, तुमची चटणी चुलीजवळच..."

"साकु," त्या म्हणाल्या. कानडीत पुरे म्हणायचं झालं की हा त्यांचा शेवटचा शब्द असायचा. पण आज तो शेवटचा नव्हता. एक पायरी उतरून त्या थांबल्या, नातीची टोपी सारखी केली आणि आमच्याकडे न बघता म्हणाल्या, "चार वरीस मी हितं कुटत बसले. झालं का काय? खाली गेले आन् वरसात हिची चाहूल लागली. मला काय कळत न्हाय व्हय?"

त्या उतरून गेल्या. थोड्या वेळानं खालून, फरशीवरून, बत्त्याचे घाव यायला लागले. वर त्यांचा धक्का पोचत नव्हता, नुसता आवाज पोचत होता. यांनी माळ्यावरून खोकं काढलं, फळी बसवली आणि तबकडी पुसायला घेतली. चांगली स्वच्छ होती ती, तरी हे पुसतच होते. मी पदर तोंडाला लावून हसत होते.

दोन वर्षांनी यंत्र पुन्हा पाळण्यातून काढावं लागलं.